आठ सिलिंडरांचा मोसम

परवा सिंगापुरात बुकित बातोक स्टेशनचा जिना उतरत होते आणि शेवटच्या चार पायऱ्यांवर तो वास आला. डुरियन! खाली फळवाल्याने काटेरी हिरव्या फळांचे ढीग लावले होते. ज्यांना हे फळ सोसत नाही ते नाकाला रुमाल लावून पळत होते, आणि ज्यांना आवडतं ते ऑफिसच्या कपड्यांतच ढिगाभोवती वाकून एकेक फळ हलवून बघत होते. मी या दोन्ही गटांतली नाही. मला डुरियनच्या वासामागून आणखी तीन वास येतात. पेट्रोलचा, तापलेल्या रबराचा आणि जुन्या रेक्झिनचा. मग तीन वर्षांपूर्वीचा तो जून-जुलै तसाच्या तसा समोर येऊन उभा राहतो.

त्या मोसमात मी गाडी घेतली होती. साधीसुधी नाही. ऑस्ट्रेलियात तयार झालेली, माझ्याहून वयाने मोठी, आठ सिलिंडरची, दोन दारांची, पिकल्या पपईच्या रंगाची. बॉनेट एवढं लांब की वळताना पुढचं टोक आधी दुसऱ्या रस्त्याला लागायचं आणि आपण मागाहून पोचायचो. अशा गाड्यांना मसल कार म्हणतात. चालू केली की आधी एक खाकरा, मग एक गडगड, आणि मग अख्खी गाडी जागच्या जागी डाव्या-उजव्या अंगाला डुलायला लागायची. पहिल्यांदा तिच्यात बसून किल्ली फिरवली तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले होते. तो गडगडाट कानांनी नाही, मांड्यांनी ऐकू येतो.

मी रॅफल्स प्लेसला एका बँकेत जोखीम विभागात काम करते. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या जोखमी मोजल्या. स्वतः एकही घेतली नाही. शहाण्यासारखा नवरा, शहाण्यासारखा ईस्ट कोस्टचा फ्लॅट, शहाण्यासारखं नागरिकत्व. ऑफिसच्या ओळखीतला एक म्हातारा ऑस्ट्रेलियन इंजिनिअर मायदेशी परत चालला होता. गाडी नेणं त्याला जमत नव्हतं. बघायला म्हणून गेले आणि घेऊन आले.

मंदार, माझा नवरा, आयटीतला. ओरडला नाही तो. शांतपणे विचारलं, "वर्षाचे किती दिवस चालवता येईल?"

"ठरावीकच. जुन्या गाड्यांचा नियम आहे तसा."

"आणि खर्च बारा महिने."

खरंच होतं ते. सिंगापुरात साधी गाडी ठेवणंसुद्धा हत्ती पोसण्यासारखं, आणि हा तर पांढरा हत्ती. विमा, पार्किंगची दुसरी जागा, लिटरला जेमतेम चार किलोमीटर. गाडी उभी राहिली तर बॅटरी उतरते, रबरं सुकतात, टायर एकाच जागी चपटे होतात. चालवली तर बाकी सगळं झिजतं. एक पार्ट हवा असेल तर मेलबर्नहून येणार, आणि पार्टापेक्षा त्याचं विमानभाडं जास्त. हे सगळं मला गाडी घेण्याआधीच ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि ऐकणं यात फरक आहे, एवढंच.

त्याच आठवड्यात पुण्याहून माझ्या सासूबाई आल्या होत्या, तीन महिन्यांसाठी. मी त्यांना आई म्हणते. एकाहत्तर वर्षांच्या, बारीक अंगाच्या, मूळ कोल्हापूरच्या. पुण्यात पन्नास वर्षं संसार झाला तरी कोल्हापूरच्या बायकांसारखं "मी येतो", "मी करतो" बोलणं काही सुटलं नव्हतं. पुण्यातल्या जावा त्यावरून हसायच्या म्हणे. आई त्यांच्यासमोर मुद्दाम जास्त बोलायच्या.

पहिल्या रविवारी मी मंदारला म्हटलं, चल, चक्कर मारू. तो म्हणाला, मला काम आहे. आई सोफ्यावरून उठल्या. "मी येतो."

ईस्ट कोस्टच्या कडेकडेने निघालो. गाडीत एसी नाही. खिडक्या खाली, समुद्राचा खारा वारा, आणि लाल सिग्नलला शेजारच्या बसमधली माणसं काचेला नाक लावून बघतायत. आईंनी पदर कमरेला घट्ट खोचला आणि समोरची पट्टी दोन्ही हातांनी धरली. मी वेग वाढवला. त्यांच्या तोंडून "आई गं!" निघालं, पण ते घाबरून नव्हतं. वळून बघितलं तर डोळे चमकत होते.

आणि मग तापमानाचा काटा सरकत सरकत शेवटच्या रेघेला जाऊन टेकला. बॉनेटखालून वाफ. मी कशीबशी गाडी कडेला घेतली आणि घाईघाईने रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच आईंनी माझं मनगट पकडलं.

"खुळी काय तू? भाजशील! गार होऊ दे आधी."

मला वाटलं, एवढं तर कुणालाही कळतं. पुढे काही विचारलं नाही. टोइंगचा ट्रक आला, गाडी लोंबकळत घरी आली, मंदारने गॅलरीतून बघितलं आणि चहा टाकायला आत गेला. त्या चहाचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात मोठी परात सापडेना. पुरणपोळीची कणीक तिंबायची ती, स्टीलची. शोधत खाली पार्किंगमध्ये गेले, तर परात गाडीच्या पोटाखाली आणि आई शेजारी उकिडव्या.

"आई! अहो, परात!"

"घासून देतो मी. इकडं ये, बघ." त्यांनी परात बाहेर ओढली. तळाशी तीन डाग होते. "हे हिरवं, रेडिएटरचं पाणी. हे तांबूस, स्टीअरिंगचं तेल. आणि हे काळं इंजिनचं. पण थेंब मागच्या अंगाला पडलाय बघ. म्हणजे मागचं सील गेलंय."

मीही शेजारी उकिडवी बसले. ज्या बाईला मी वीस वर्षं फक्त लोणच्याच्या तेलाबद्दल बोलताना ऐकलं होतं, ती मला इंजिनच्या सीलबद्दल सांगत होती.

"तुम्हाला कसं कळतं हे?"

"अण्णांचं गॅरेज होतं की आमच्या," त्या सहज म्हणाल्या, आणि परात उचलून लिफ्टकडे चालायला लागल्या.

लिफ्टमध्ये सात मजल्यांत जेवढं सांगता आलं तेवढं त्यांनी सांगितलं. कोल्हापुरात उद्यमनगरला वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, गॅरेज. आई थोरल्या. दहाव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत शाळा सुटली की तिथेच. चहा करायचा, नटबोल्ट रॉकेलमध्ये धुवायचे, आणि अण्णा गाडीखाली असले की हवा तो पाना त्यांच्या हातात द्यायचा. पुढे पुढे अण्णा पान्याचा नंबर सांगायचे बंद झाले. नुसता हात बाहेर काढायचे, आणि आई बरोबर पाना ठेवायच्या.

"मग तुम्हीपण दुरुस्ती करायचात?"

"छे. पान्याला हात लावलेला चालायचा. नटाला नाही." सातवा मजला आला. "पोरीच्या जातीनं हात काळे करू नयेत म्हणायचे. गॅरेज भावांना गेलं. मी पुण्याला आलो."

बुकित बातोकच्या औद्योगिक वसाहतीत अंकल सेंग यांचं वर्कशॉप आहे. अडुसष्ट वर्षांचे, चिनी, टक्कल, गुडघ्यापर्यंत चड्डी. असल्या जुन्या गाड्यांना हात लावणारी माणसं आता बोटांवर मोजण्याएवढीच उरली आहेत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, गुडघे टेकून खाली बघितलं, दाराच्या खालच्या कडेवर स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकली. एका जागी ठण्ण वाजलं, दुसऱ्या जागी थप्प. थप्प वाजलं तिथे आतून गंज. समुद्राकाठची हवा.

"ब्यूटिफुल कार," ते म्हणाले. "ऑलसो व्हेरी सिक."

रेडिएटर गाळाने बुजलेला. ब्रेक एका बाजूला ओढणारे. वायरिंग हात लावला तर पापडासारखं तुटणारं. तेलाचं सील, आई म्हणाल्या तेच. आणि या सगळ्यावर एक तारीख टांगलेली होती. जुलैअखेर गाडीची सरकारी तपासणी. त्यात नापास झाली आणि मुदत टळली तर गाडीची नोंदणी संपली. मग परदेशी विका, नाहीतर भंगारात घाला.

पाच आठवडे होते हातात. काय आठवडे होते ते! रोज ऑफिसमध्ये मीटिंग चालू असायची आणि टेबलाखाली माझा अंगठा मेलबर्नच्या पार्सलचा माग काढत असायचा. दर शनिवारी मी आणि आई बुकित बातोकला. अंकल ज्या स्टुलावर बसून चहा पीत ते त्यांनी दुसऱ्याच शनिवारी आईंना दिलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अंकल बोट दाखवायचे, आई मान हलवायच्या. आई मराठीत काहीतरी म्हणायच्या, अंकल त्यांच्या होक्कियन चिनीत उत्तर द्यायचे, आणि मी इंग्रजीत विचारून भाषांतर करेपर्यंत दोघं पुढच्या भागाकडे वळलेले असायचे. चार वाजता मागच्या बाजूला वर्तमानपत्र अंथरून डुरियन फुटायचं. पहिल्या वेळी आईंनी पदर नाकाला लावला. तिसऱ्या वेळी एक गरा खाल्ला, डोळे मिटून विचार केला, आणि म्हणाल्या, "फणसाचा वाह्यात चुलतभाऊ आहे हा." मग आणखी एक घेतला.

रेडिएटर नवा झाला. काटा आता मध्यावर शांत राहायचा. ब्रेक झाले, वायरिंग झालं, सील बदललं, गंज कापून पत्रा जोडला. मी आनंदाने गाडी बाहेर काढली आणि बरोबर वीस मिनिटांनी ती रस्त्यात बंद पडली. तापली नव्हती. नुसती ठसकली, दोनदा आचके दिले आणि गप्प. पंधरा मिनिटं वाट बघितली, किल्ली फिरवली, तर काही झालंच नव्हतं अशी चालू!

अंकलनी वर्कशॉपमध्ये तासभर चालू ठेवून बघितली. ठणठणीत. मी रस्त्यावर नेली की वीस मिनिटांत बंद. त्यांनी पेट्रोलचा पंप बदलला. कॉइल बदलली. कार्बोरेटर उघडून धुतला. मी रस्त्यावर आणली, आणि भर चौकात तिने पुन्हा मान टाकली. मागे हॉर्न, वर ऊन, घामाने भिजलेली मी, आणि तपासणीला नऊ दिवस.

त्या रात्री जेवताना मंदार म्हणाला, "पर्थमध्ये एक जण विचारतोय. मी सहज चौकशी केली होती. चांगली किंमत देईल."

तो चुकीचं बोलत नव्हता. माझ्याच विभागात माझ्यापुढे हे प्रकरण आलं असतं तर मी अर्ध्या मिनिटात सही करून विकायला लावली असती. "बघू," मी म्हटलं. आई भाताचा घास हातात धरून कुठेतरी लांब बघत होत्या.

शनिवारी बुकित बातोकला निघालो. मनात होतं, अंकलना सांगायचं की राहू द्या आता. वाटेत अठराव्या मिनिटाला गाडी ठसकायला लागली. समोर पेट्रोल पंप होता. मी तिला आत ढकलल्यासारखीच नेली आणि ती पंपाशी येऊन बंद पडली. आता थांबायचंच आहे तर पेट्रोल तरी भरू, म्हणून उतरले. टाकीला चकचकीत कुलपाचं झाकण. किल्ली लावली, फिरवलं.

"थांब!" खिडकीतून आईंचा आवाज आला. एवढा मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "काय केलंस आत्ता?"

"काही नाही. झाकण उघडलं."

"सुस्स झालं. ऐकलं नाहीस? टाकीनं हवा ओढली आत." त्या दार उघडून बाहेर आल्या. चप्पल गाडीतच राहिली. "झाकण असंच ठेव आणि आत्ता, या मिनिटाला, गाडी चालू कर."

"आई, अजून पंधरा मिनिटं तरी..."

"कर म्हणतो ना!"

मी किल्ली फिरवली. गडगड! एका झटक्यात चालू!

आई अनवाणी उभ्या होत्या आणि दोन्ही हातांनी मला ओढून ते झाकण दाखवत होत्या. "याला भोक नाही. बघ. टाकीतलं पेट्रोल संपत जाईल तशी हवा आत यायला नको? तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल नीट पडतं का? तसं. पेट्रोल खेचलं जात नाही, गाडी मरते. थोडी थांबली की कुठनं तरी हवा झिरपते, परत चालू. अण्णांच्याकडं एका टॅक्सीला असंच झालं होतं. चार दिवस घातले होते त्यांनी."

"पण मग वर्कशॉपमध्ये का नाही..."

बोलता बोलताच मला कळलं. हे झाकण आधीच्या मालकाने नवं बसवलेलं, आणि त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. म्हणून गाडी सोडून जाताना, अंकलना टाकी उघडता यावी यासाठी, मी झाकण काढून द्यायचे आणि अंकल टाकीच्या तोंडात फडकं कोंबून ठेवायचे. फडक्यातून हवा जातच होती!

उरलेला रस्ता मी कशी गेले मला आठवत नाही. अंकलनी ऐकून घेतलं, झाकण उजेडात धरलं, उलटं केलं. मग आपल्या टकलावर एक चापट मारली. खोक्यांतून शोधून एक जुनं, हवेचं भोक असलेलं झाकण काढलं, बसवलं, आणि माझ्या शेजारी बसून वसाहतीतल्या गल्ल्यांतून फेऱ्या मारायला लावल्या. वीस मिनिटं. तीस. पन्नास मिनिटं! प्रत्येक फेरीला आई वर्कशॉपच्या दारात उभ्या राहून हात उंच करायच्या.

परत आलो तेव्हा अंकलनी बॉनेट उघडलं. धुराच्या तपासणीसाठी कार्बोरेटरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण जुळवायचं बाकी होतं. इंजिन थोडं अडखळत चाललं होतं. त्यांनी बारीक स्क्रू ड्रायव्हर पुसला आणि तो आईंसमोर धरला. मूठ आईंच्या बाजूला.

"आंटी. युअर इअर बेटर दॅन माइन. यू डू."

हे मला भाषांतर करावं लागलं नाही. आईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग पदर खोचला, वाकल्या, आणि स्क्रूवर टोक टेकवलं. टोक दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा बसलं. पाव फेरा. इंजिनचा आवाज घोगरा झाला. त्यांनी मान हलवली, उलट फिरवला, जरा जास्त. आता नीट. आणखी एक केसभर. आणि ती अडखळ गेली. आठही सिलिंडर एका सुरात लागले. अंकल अंगठा वर करून उभे होते. आई तशाच वाकून ऐकत होत्या, बराच वेळ, कुणी थांबवेल की काय असं वाटत असल्यासारख्या.

गाडी तिथेच ठेवून आम्ही एमआरटी मेट्रोने परतलो. आईंनी हात धुतले नाहीत. डब्यात मेंदी लावल्यासारखे दोन्ही काळे तळवे वर करून मांडीवर ठेवले होते. समोरची बाई बघत होती. बघू दे.

दार मंदारने उघडलं. "आई, हात?"

"ग्रीस आहे." त्या सरळ सिंककडे गेल्या. "साबणानं नाही जायचं. साखर आण."

त्याने डबा आणला. त्यांच्या ओंजळीत साखर ओतली, साबणाचे थेंब टाकले. मी बाहेरूनच सगळं सांगून टाकलं, एका दमात, हातवारे करत, झाकण, सुस्स, पाव फेरा. तो ऐकत होता, पण बघत होता आईंच्या हातांकडे. साखरेचा चुरचुर आवाज येत होता.

"तू कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"तू कधी विचारलंस?" रागाने नाही. फक्त विचारलं.

मंदारने बाही वर केली आणि त्यांचा एक हात आपल्या हातात घेऊन बोटांच्या पेरांतलं काळं घासायला लागला. पर्थच्या माणसाला त्याने काय कळवलं ते मी आजवर विचारलेलं नाही.

तपासणीला तिघेही गेलो. आत फक्त गाडी जाते. आम्ही बाहेरच्या बाकावर. ब्रेकचे रोलर फिरल्याचा आवाज आला, मग इंजिन रेस केल्याचा, मग काहीच नाही. मंदार उठून येरझाऱ्या घालायला लागला. गाडी नको म्हणणारा माणूस! दार वर गेलं आणि पपईच्या रंगाचं ते लांबच लांब नाक उन्हात आलं. काचेमागच्या माणसाने कागद वर धरला. पास! मी ओरडले. आई ओरडल्या. मंदारने दोघींना एकाच मिठीत घ्यायचा प्रयत्न केला आणि त्याचा चष्मा पडला.

त्यानंतरही ती गाडी सुखाने नांदली असं कुणी समजू नये. गेल्या वर्षी क्लच गेला. मागच्या काचेच्या रबरातून पाणी येतं. या महिन्यात गिअरबॉक्सने तोंड वाकडं केलं, म्हणून तर परवा मी बुकित बातोकला उतरले होते. मी तक्रार करत नाही. एखादी वस्तू आपल्याकडे एवढं मागते तेव्हा आपल्याला आपल्यातलं काय काय काढून द्यावं लागतं! नीट चालणाऱ्या गाडीने आमच्या घरातल्या कुणालाच काही विचारलं नसतं.

गेल्या रविवारी आईंचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. चेहरा लालबुंद. आम्ही घाबरलो.

"नापास केलं मेल्यानं!"

"कशात?" मंदार म्हणाला.

मग उलगडलं. दोन महिने आई रोज सकाळी ड्रायव्हिंगच्या क्लासला जात होत्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. डॉक्टरांचा दाखला काढला, कच्चं लायसन्स मिळवलं, आणि पक्क्याच्या परीक्षेला गेल्या. आठ बरोबर काढला, रिव्हर्स बरोबर घेतला. चढावर थांबवून परत निघताना गाडी हातभर मागे आली.

"आई, पुरे आता," मंदार म्हणाला.

"पुरे काय? पुढच्या आठवड्यात परत तारीख आहे. मेधा, तू सांग. चढावर पाय कसे ठेवतेस?"

मी खुर्चीवर नीट बसले, फोन खाली फरशीकडे धरला आणि दाखवलं. डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर, क्लच सावकाश, नाक उचलल्यासारखं झालं की मग उजवा ॲक्सिलरेटरवर. पडद्यावर पुण्याच्या स्वयंपाकघराची फरशी आली आणि जोडव्यांचे दोन पाय. ते घाईने उठत होते.

"नाही, डावा फार लवकर सुटतोय तुमचा."

पाय परत जाग्यावर गेले. पुन्हा सुटले. मी पुन्हा दाखवलं. मंदार थोडा वेळ उभा राहून बघत होता. मग त्याने खुर्ची ओढली, चपला काढल्या आणि आपले पाय माझ्या पायांशेजारी टेकवले.

"आई, इकडे बघ," तो म्हणाला. "माझ्याबरोबर. सावकाश."